विल्फचा वाण

क्रॉफ्ट स्ट्रीट
४ फेब्रुवारी १९६८

एनिडस,

तुझं पत्र मिळालं. नऊ वर्षांनी तुझं अक्षर बघितलं. अजून तसंच उजवीकडे कलतं.

बातमी तुला बेरिल हेस्लपनं कळवली असणार. या गल्लीतून ॲम्बलला पत्र लिहिणारी दुसरी कोणी नाही. तिनं लिहिलं ते खरं आहे. विल्फला, माझ्या नवऱ्याला, नोव्हेंबरात झटका आला. खाणीमागच्या बागेत, त्याच्या शेडमध्ये. लीकची पिल्लं, कांद्याच्या पातीसारखी कोवळी, कुंड्यांत लावून नुकती झाली होती. बेरिलच्या नवऱ्याला, जॅकीला, तो सापडला. जॅकी तेव्हापासून क्लबात सांगत असतो, "गडी तोंडावर पडला, पण एक कुंडी लवंडू दिली नाही." लोक ऐकतात आणि टोप्यांना हात लावतात.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. गिळता येतं, पातळ केलेलं. मी बघत नसले तर डाव्या हातानं चमचा तोंडापर्यंत नेतो. बघत असले तर माझ्याकडून भरवून घेतो.

नर्स आठवड्यातून एकदा येते. म्हणाली, इतके दिवस पडून आहे पण अंगावर एक चट्टा नाही. मी म्हटलं, चट्टे पडायला मी त्याला एका कुशीवर राहूच देत नाही.

काही हवं आहे का, असं विचारलंस. त्याला हवं ते त्याच्यासमोर आहे. शेडमध्ये गारठतील म्हणून जॅकीनं त्या कुंड्या एका खोक्यात घालून घरी आणून दिल्या. मी खोकं स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं. विल्फची खुर्चीही त्याच खिडकीशी ठेवली. हात पोचणार नाही एवढं अंतर सोडून.

रोपं सध्या गवताच्या काडीएवढी आहेत. त्याच्या आजोबांचा वाण, मग वडिलांचा, मग त्याचा. हा बी पेरून टिकत नाही हे तुला सांगायला नको. जुन्या लीकच्या फुलाच्या गोंड्यावर पिल्लं येतात, ती दरवर्षी कोणीतरी लावावी लागतात. एक वर्ष चुकलं की संपला. आता तो त्या एका खोक्यात आहे, दुसरीकडे कुठेही नाही. दुसरीकडे एका ठिकाणी होता. तिथे का राहिला नाही, ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

यंदा कोण लावणार, हे त्याला मला विचारायचं आहे. सकाळी डोळे उघडले की आधी खोक्याकडे बघतो. मग माझ्याकडे. मी अजून काही ठरवलेलं नाही, आणि ठरवलं नाही हे त्याला दिसू देते.

भेटायला येऊ का म्हणतेस. नको.

हिल्डा


२५ फेब्रुवारी

एनिडस,

नको म्हटलं तरी पत्र आलं.

तुझा सिरिल गेल्याचं आता कळवतेस. मला गेल्या उन्हाळ्यातच कळलं होतं. फुलं पाठवली नाहीत, कारण फुलांबरोबर नाव लिहून पाठवावं लागतं.

लीक मंडळाचे चिटणीस गॉलंड येऊन गेले. टोपी हातात धरून दारात उभे राहिले. आत या म्हटल्यावर विल्फकडे न बघता खोक्याकडे बघत बसले.

"मिसेस स्टोबर्ट, घाई काही नाही. पण नियम सगळ्यांना सारखा. ईस्टरपर्यंत जमीन खणलेली दिसली नाही तर तुकडा पुढच्या माणसाला जातो."

"पुढचा कोण आहे?"

"माझा मेहुणा. तो आपला योगायोग."

"मी खणते."

"अहो, पोरं खणून देतील ना. रोपंही लावतील. विल्फचं नाव तुकड्यावर राहील, लीकच्या प्रदर्शनात राहील. तुम्ही कशाला चिखलात उतरता?"

"मी खणते म्हटलं ना."

ते हसून विल्फकडे वळले. "ऐकलंस का रे विल्फ? बाईसाहेब चर खणणार." विल्फनंही हसावं अशी त्यांची अपेक्षा होती.

दुसऱ्या दिवशी विल्फला ब्लँकेटात गुंडाळून चाकाच्या खुर्चीतून बागेत नेलं. खुर्ची पायवाटेवर उभी केली, तोंड त्याच्या लीकच्या चराकडे. थंडी होती. जमीन वरून कडक आणि खाली ओली. कुंपणापलीकडे सगळे आपापली कामं सोडून उभे. आमच्या बागेत बाई दिसली तर चहाचा डबा पोचवताना दिसते, हे तुला ठाऊक आहे.

जॅकी ओरडला, "अगं हिल्डा, फावड्याची कुठली बाजू वर धरतात, माहीत आहे का?"

"नाही रे. तू शिकव. पण तुझा तुकडा बघून वाटतं, तुलाही कोणी शिकवलं नाही."

सगळे हसले. जॅकीही हसला. विल्फ माझ्या पायांकडे बघत होता. मी चराच्या कडेवर उभी होते. त्या कडेवर त्यानं स्वतःखेरीज कोणाला कधी पाय ठेवू दिला नाही.

चहाच्या डब्यावरून आठवलं. आईच्या शेवटच्या उन्हाळ्यात डबा तू पोचवायचीस. तू आईच्या मदतीला म्हणून ॲम्बलहून आली होतीस आणि मी आईच्या खोलीतून हलू शकत नव्हते. डबा परत यायला उशीर व्हायचा. तो घासून आणायचीस. माझी बहीण किती नीटनेटकी, असं मी आईला म्हणत असे.

मला शेडमधलं काही दिसलं नाही. कोणी सांगितलंही नाही. मला तुमच्या ॲम्बलच्या क्लबातल्या प्रदर्शनानं सांगितलं. सिरिल बिचारा. त्याला वाटलं साडूनं मायेनं रोपं दिली. त्यानं ती लावली, वाढवली, सप्टेंबरात टेबलावर मांडली. परीक्षक आमच्याकडचा होता. त्यानं एक लीक उचलला, पातीवरची निळसर झाक बघितली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "हे विल्फ स्टोबर्टचे. त्यानं सख्ख्या भावाला पिल्लू दिलं नाही. तुला कुठे मिळाले, गड्या?"

सिरिल म्हणाला, "बायकोनं आणले."

सगळा हॉल हसला, असं मला तीन वेगवेगळ्या माणसांनी एकाच संध्याकाळी येऊन सांगितलं. बाहेरगावच्या माणसाला हे कळायचं नाही. तो म्हणेल, कांद्याच्या जाड्या पातीवरून काय कळतं. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्यांना सगळं कळलं. सिरिलला सर्वांत शेवटी. त्यानं घरी जाऊन उरलेले सगळे मुळासकट उपटले आणि कोंबड्यांना घातले ना?

त्याला तिसरं बक्षीस मिळालं होतं. एक ब्लँकेट. अजून वापरतेस का?

हिल्डा


१७ मार्च

एनिडस,

तुझी पत्रं मी एकापुढे एक ठेवून बघितली. पहिल्यात पानभर विल्फ होता आणि ता. क. मध्ये लीक. दुसऱ्यात दोघं निम्मे निम्मे. या वेळच्या पत्रात "विल्फ कसा आहे?" एवढी एक ओळ. मग सगळं लीकचं. स्वयंपाकघरात ऊब फार, रोपं लांबतील. पाणी कमी घाल. मोठ्या कुंडीत हलवायची वेळ टळून चालली. काठीचा आधार दे. रात्री थंड खोलीत ठेव.

विल्फ बरा आहे.

रोपं लांबली आहेत. बुंध्याशी पांढरी पडली आहेत आणि वरून वाकतात. मी रोज खोकं फिरवते, नाहीतर सगळी एका बाजूला कलतील. कौतुक नको. ती मरायची असली तर मी ठरवीन तेव्हा मरतील, हलगर्जीनं नाही.

विल्फला आता काय हवं ते हातानं दाखवता येऊ लागलं आहे. डावं बोट उचलतो. मोठी कुंडी, असं दाखवतो. मला कळत नाही असं मी करते. मग तो पुन्हा दाखवतो. नर्सला वाटलं त्याला लघवीचं भांडं हवं आहे. तिनं भांडं आणून दिलं. मी तिला थांबवलं नाही.

जमीन खणून झाली. फक्त चर उरला होता. तुला तो ठाऊक असणार, शेडच्या दारातून सरळ दिसतो. तीस वर्षं त्यानं त्या चरात दुसरं काही लावलं नाही. कबुतरांची घाण, काजळी, खाणीतल्या तट्टांची लीद, क्लबातली उरलेली बिअर. मला नवी बादली मिळत नव्हती, कारण सगळ्या बादल्यांत काहीतरी कुजत असायचं. माती आता काळी आणि मऊ झाली आहे. मुठीत धरली की बोटांचे ठसे राहतात.

शनिवारी सगळे बागेत असताना मी विल्फला नेऊन बसवलं आणि मोठ्यानं सांगितलं, "चरातली माती ज्याला हवी त्यानं गाडी घेऊन यावं."

कोणी हललं नाही.

जॅकी कुंपणापाशी आला. हळू म्हणाला, "अगं, तो समोर बसलाय."

"मग? नको म्हणाला का तो?"

"हिल्डा, असं नको करू गं."

"तुला नको तर नको. गॉलंड, तुम्हाला?"

गॉलंड म्हणाले की वाया जाण्यापेक्षा कुणाच्या तरी कामी आलेली बरी, आणि विल्फलाही तेच आवडलं असतं. 'असतं' म्हणाले. विल्फ त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. त्यांची एकचाकी गाडी आधीच पायवाटेवर आलेली होती.

मग सगळे आले. पायवाट अरुंद आहे. प्रत्येकाला विल्फच्या खुर्चीजवळून जावं लागलं. प्रत्येकानं टोपीला हात लावला. "काय विल्फ." "बरा आहेस ना विल्फ." "ऊन छान आहे आज, विल्फ." आणि गाडी पुढे. येताना भरलेली गाडी जड असते, तेव्हा कोणी बोललं नाही.

जॅकी सगळ्यांच्या शेवटी आला. नाक पुसत आला. त्यानं दोन खेपा केल्या.

दुसऱ्या खेपेला थांबून त्यानं मूठभर माती विल्फच्या डाव्या हातात दिली आणि त्याची बोटं मिटवली. घरी आल्यावर विल्फ मूठ उघडेना. जेवायची वेळ झाली होती. मी एक एक बोट उघडलं आणि हात धुतला. नखंही कापून टाकली. वाढली होती.

चर आता नुसता खड्डा आहे. खाली पिवळी चिकणमाती लागली. त्यात लीक येणार नाहीत. बटाटे येतील.

हिल्डा


७ एप्रिल

एनिडस,

तू रडून लिहिलं आहेस. शाई पसरली आहे. कुठल्या वाक्यावर पसरली ते मी बघितलं. "निदान रोपं तरी मला दे."

ठीक आहे. ये.

ॲम्बलची जमीन चांगली, समुद्रावरचं शेवाळ फुकट मिळतं, सिरिलचा तुकडा अजून तुझ्याकडे आहे, हे सगळं तू लिहिलंस. एवढं लिहायला नको होतं. इथे आता ते लावायला जागा नाही, हे मीच तुला कळवलं होतं. तू नेलेस तर राहतील. नाहीतर गुड फ्रायडेनंतर मी कुंड्या रिकाम्या करणार आहे, मला त्या धुऊन हव्या आहेत.

गुड फ्रायडेलाच ये. बटाटे मी त्या दिवशी सकाळी लावीन, सगळे लावतात तेव्हा. तू दुपारच्या बसनं ये. एक अट आहे, ती समोर सांगीन.

तू येणार हे मी विल्फला सांगितलं. तुझं नाव या घरात नऊ वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं. मी त्याच्या चेहऱ्याकडे नीट बघत होते. त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी दिसेल. डोळे उघडले तेव्हा तो खोक्याकडे बघत होता.

चांगला कोट घालून ये. गल्लीतले सगळे दारात उभे असतील.

हिल्डा


२१ एप्रिल

एनिडस,

बेरिल सांगत आली. तू तिला लिहिलंस की मी तुला त्याच्याशी बोलू दिलं नाही, खोकं हातात कोंबलं आणि घालवून दिलं. म्हणून आपण बोललो तसं लिहून ठेवते. तुझ्याकडे राहू दे.

तू आलीस. कोट चांगला होता. केस रंगवतेस, ते बरं दिसतं. तू त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसलीस आणि म्हणालीस, "विल्फ, मी एनिड." मी चहा करत होते. मुद्दाम पाठ करून उभी राहिले आणि किटली उकळून गेली तरी वळले नाही. याला बोलू न देणं म्हणत असतील तर म्हणोत.

मग तू उठून खोक्यापाशी गेलीस. एक रोप बोटानं उचलून बघितलंस. "अगं, किती लांबलीत! तुला लिहिलं होतं ना मी?" म्हणालीस. माझ्यावर रागावलीस. नऊ वर्षांत माझ्यावर रागवायचा तुला हा पहिलाच हक्क मिळाला.

मी म्हटलं, "अट ऐक. नेशील तर एकच. एक तर हे, नाहीतर तो."

"म्हणजे?"

"दारामागे बॅग आहे, बघ. दोन पायजमे, दाढीचं सामान, गोळ्या. कधी कुठली ते कागदावर लिहून ठेवलं आहे. जॅकीचा भाऊ व्हॅन घेऊन कोपऱ्यावर थांबला आहे. त्याला ने. तू सिरिलसारख्या माणसाचा विश्वास त्याच्यासाठी गमावलास, आता त्यालाच ने."

तुला वाटलं मी चेष्टा करते आहे. नव्हते करत. बॅग मी आदल्या दिवशी भरली होती. स्वेटर दोनदा बाहेर काढून पुन्हा घातला. मला खात्री होती तू त्याला नेशील. मग मी काय केलं असतं, मला ठाऊक नाही. पण खात्री होती.

तू म्हणालीस, "हिल्डा, माझ्याकडे जिना आहे गं."

"खाली ठेव."

"मी एकटी त्याला उचलणार कशी?"

"मी उचलते तशी."

"तुझी गोष्ट वेगळी. तुला सवय आहे."

हो. असंच म्हणालीस. आणि मग, "खोकं नेलं तर चालेल ना?"

मी म्हटलं, "ने."

विल्फ तिथेच होता. त्याचे कान शाबूत आहेत, हे डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तुला विचारायचं सुचलं नाही, मला सांगायचं नव्हतं.

इथपर्यंतचं तू बघितलंस. पुढचं नीट बघितलं नाहीस, आधी तुझी पाठ होती, मग डोळ्यांत पाणी.

तू खोकं दोन्ही हातांत धरून पायरी उतरलीस. मी विल्फची खुर्ची दारात आणली. त्यानं तुला जाताना बघावं म्हणून आणली. तू काय घेऊन गेलीस आणि काय ठेवून गेलीस, ते त्याला नीट दिसावं. नऊ वर्षं मी या एका गोष्टीची वाट बघत होते आणि ती इतकी सोपी निघाली.

फाटकाशी तू वळलीस. रडत होतीस. हात केलास.

तेव्हा त्यानं आवाज केला. झटक्यानंतरचा पहिला. घशातून, मोठा. समोरच्या घरातल्या बायकांनी ऐकला. तू ॲम्बलमध्ये सगळ्यांना सांगते आहेस की तो तुला हाक मारत होता, एवढं होऊनही त्याच्या ओठांवर तुझंच नाव आलं. बेरिलच्या डोळ्यांत हे सांगताना पाणी होतं.

मी त्याच्या शेजारी उभी होते, एनिड. हात करायला तू एक हात सोडलास आणि खोकं तिरकं झालं. तो खोक्याकडे बघत होता. त्याचं डावं बोट उठलं होतं, नीट धर, असं. तू डोळे पुसून पुन्हा दोन्ही हातांनी खोकं धरलंस आणि त्याचा आवाज त्याच क्षणी थांबला. तू तिथे आणखी थोडा वेळ उभी राहिलीस, त्यानं पुन्हा हाक मारावी म्हणून. त्यानं मारली नाही. त्याला तू जायला हवी होतीस, ऊन रोपांवर येत होतं.

तू चालू लागलीस तेव्हा तो हसला. चेहऱ्याच्या जेवढ्या भागानं हसता येतं तेवढ्यानं. लग्नाच्या दिवशी हसला होता त्यापेक्षा जास्त. खोकं कोपऱ्यावरून दिसेनासं झाल्यावर त्यानं मला आत न्यायची खूण केली. भूक लागली होती. चमचा स्वतःच्या हातानं धरून, मी बघत असताना, सगळं जेवला.

डबा पोचवायला जायचीस तेव्हा तो तुझ्याशी काय बोलायचा, मी कधी विचारलं नाही. आता विचारायची गरज नाही. तुमच्याकडची जमीन कशी आहे, हेच त्यानं आधी विचारलं असेल.

तू सांगत राहा. तुझं नाव होतं म्हणून सांग. मी गावात कोणाला काही बोललेले नाही आणि बोलणारही नाही. आपल्या दोघींना माहीत आहे, तेवढं पुरे.

हिल्डा